फोटोखालचं बोलणं

“सारके, पाय बघून टाक गं! तितं कुणाचं तरी बाळंतपण चाललंय.”

उन्हाळ्यातलं रिकामं भातखाचर. राबासाठी, भाताच्या रोपांची जागा भाजायला, पाल्याचा भारा डोक्यावर घेऊन पुढं चाललेली आई आणि मागून रमतगमत येणारी सारिका. ढेकळांच्या आडोशाला टिटवीची अंडी होती, मातीनं मातीच्याच रंगाची घडवल्यासारखी, आणि वर टिटवी जिवाच्या आकांतानं घिरट्या घालत होती. आईनं, बयाबाईनं, मागं वळूनही पाहिलं नव्हतं. नुसत्या आवाजानं तिनं लेकीचं उचललेलं पाऊल हवेतच थांबवलं होतं.

आई जाऊन वर्षं लोटली होती. तो आवाज सारिकानं कुणाचा हात पोचणार नाही अशा जागी जपून ठेवला होता. आणि आज लोणावळ्याच्या शाळेच्या ऑफिसात, भर मधल्या सुट्टीत, तो राजेश्वरी मिसच्या तोंडून बाहेर पडत होता.

“ऐका हं, ओव्हाळ मॅडम,” मोबाइल डोळ्यांपासून लांब धरत राजेश्वरी वाचत होती. “‘टिटवीचं बाळंतपण उघड्यावर. ना आडोसा, ना सावली. जवळ कुणी आलं का साऱ्या शिवाराला वरडून सांगती, हितं काय बी न्हाई, हितं काय बी न्हाई. आई म्हणायची, पाय बघून टाक गं, तितं कुणाचं तरी बाळंतपण चाललंय.’ काय गोड आहे ना! ‘न्हाई’ काय, ‘वरडून’ काय!” ‘वरडून’ म्हणताना तिनं मान उडवली, नाटकातल्या मोलकरणीसारखी.

सारिकाच्या हातातल्या दाखल्यावर शाळेचा शिक्का वाकडा बसला.

“कुणाचं आहे?”

“तेच तर! माझ्या नणंदेनं नाशिकहून पाठवलं. ‘घाटावरचं रान’ म्हणून साइट आहे. खाली बघते तर राजेंद्र ओव्हाळ, लोणावळा. म्हटलं, आपल्या मॅडमचे मिस्टर तर नव्हेत?”

“त्यांचंच आहे,” सारिका म्हणाली.

“आणि तुम्ही बोलला नाहीत कधी! मूळचे खेड्यातले का हो? तुमच्याकडं बघून वाटत नाही.”

सारिकानं दुसरा दाखला पुढं ओढला. “हो. त्यांचं बोलणं तसंच आहे. पहिल्यापासून.”

खरं तर राजेंद्रचा जन्म लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमधला. वडील रेल्वेत, तो रेल्वेत, भात त्याला ताटात आल्यावरच ओळखू यायचा. खेड्यातली होती ती सारिका. कामशेतच्या पलीकडं, डोंगराच्या पोटाशी असलेल्या वस्तीतून ती लग्न होऊन क्वार्टरमध्ये आली, तेव्हा नळावरच्या बायकांना तिच्या बोलण्याचा भारी चाळा लागला होता. “कुटं गेलतीस गं?” एकीनं तिच्यासारखं म्हणायचं आणि बाकीच्यांनी हंड्यावर हात ठेवून हसायचं. त्या वाईट नव्हत्या. लोणचं द्यायच्या, बाळंतपणात धावून आल्या. पण हसायच्या. सारिकानं एकेक शब्द घासून पुसून नवा केला. ‘कुटं’ गेलं, ‘हितं’ गेलं, ‘लय’ गेलं. पुढं शाळेत क्लार्क म्हणून लागली तेव्हा बंगल्यांतल्या आया तिला विचारायच्या, तुम्ही पुण्याच्या का? पहिल्यांदा कुणी तसं विचारलं त्या दिवशी घरी येताना तिनं पाव किलो पेढे आणले होते आणि कारण कुणालाच सांगितलं नव्हतं.

जुनी बोली उरली होती फक्त संध्याकाळच्या स्वयंपाकघरात. सिग्नल खात्यातून राजेंद्र रिटायर झाला तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, तेजलनं, त्याला कॅमेरा घेऊन दिला, साइट काढून दिली. माणूस पाखरामागं वेडा झाला. सकाळी नागफणीच्या वाटेनं नाहीतर वळवणच्या बाजूला जायचा, आणि संध्याकाळी सारिका भाजी निवडत बसली की लॅपटॉप तिच्यासमोर धरायचा. “हे काय गं? तुमच्याकडं काय म्हणतात?” मेथीच्या काड्या खुडता खुडता तिची जीभ सैल व्हायची. आवळून बांधलेला अंबाडा सोडावा तशी. मग ती बोलत सुटायची, आईसारखी, आईचंच. तो फोटो टाकतो, खाली पाखराचं, फुलाचं नाव घालतो, एवढं तिला माहीत होतं. सुरुवातीला एकदा तिनं पाहिलंही होतं. त्यानंतर तो खाली काय काय घालत गेला, ते तिनं कधी उघडून पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा राजेंद्र गॅलरीत बसून कॅमेऱ्याची काच पुसत होता.

“टिटवीचं तुम्ही लिहिलंत?”

त्याचा चेहरा उजळला. “वाचलंस? अगं, मी कधीपासून म्हणतोय, जरा बघ, जरा बघ! थांब, लोकांनी काय काय लिहिलंय ते तर ऐक.” तो लगबगीनं लॅपटॉप घेऊन आला. “हे चंद्रपूरचे, जंगल खात्यातले. म्हणतात, तुमच्यामुळं माझी आजी परत भेटली. आणि ही बघ, कुवेतमधली नर्स. ‘काका, ड्यूटी संपली की तुमचं एक वाचून झोपते. इथं खिडकीतून नुसती वाळू दिसते. तुमचा तेरडा मात्र माझ्या उशाशी असतो.’ ओळख ना देख, सारिका! सगळी परकी माणसं!”

“तुमचा तेरडा,” सारिका म्हणाली.

तेरड्याच्या फोटोखाली लिहिलं होतं : ‘तेरडा म्हंजी माहेरवाशीण. आली का डोंगर हसतो. गेली का कुटं गेली ते इचारायचं न्हाई.’

“तेरडा कुणी सांगितला व्हता तुमाला?”

“तूच की.”

“मंग?” ती उभीच होती. पर्ससुद्धा खांद्यावरच. “म्या माझ्या घरात बोलले. भाजी निवडताना. जगाला दाखवाय बोलले व्हय? तितं साळंत त्या राजेश्वरीनं मान उडवून उडवून वाचलं माझ्या आईचं बोलणं! त्यापरीस नळावरच्या बाया बऱ्या. चौघीजणी हसायच्या आन आपापल्या घरी जायच्या.”

“हसतंय कोण? एक माणूस हसलेला दाखव ह्यात.”

“तुमाला न्हाई कळायचं.”

राजेंद्रनं लॅपटॉप हळूच बंद केला. “पहिल्यांदा मी नीट करून लिहायला गेलो होतो. ‘टिटवी उघड्यावर अंडी घालते.’ वाचलं, तर चौथीच्या पुस्तकातला धडा. जीवच गेला त्यातला. मग पुसलं आणि तू बोललीस तसं ठेवलं. त्यात हात घालायची माझी छाती झाली नाही गं.” त्यानं लॅपटॉप पुन्हा उघडला. “नाव तुझं पाहिजे खाली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आत्ता घालतो.”

“घालून तर बघा! तेजलची शपथ हाय तुमाला. कुणाला म्हंजी कुणाला सांगायचं न्हाई. मी साळंत सांगितलंय, बोलणं तुमचं हाय म्हणून. आता तसंच ऱ्हाऊ द्या.”

ती आत गेली आणि नळ मोठा सोडून तोंड धूत राहिली.

राजेंद्रनं सारी नोकरी सिग्नलवर काढली होती. लाल म्हणजे लाल. शपथ म्हटल्यावर विषय संपला.

पण दुसरा विषय सुरू झाला. फोटो समोर आला की सारिका “हूं” म्हणायची आणि कांदा चिरायला घ्यायची. राजेंद्र मग स्वतःला जमेल तेवढं लिहायचा. ‘सोनकी. नागफणीच्या वाटेवर.’ ‘सातभाई. वळवण.’ आणि परकी माणसं कासावीस व्हायला लागली. काका, सगळं ठीक ना? काका, कुणी काही बोललं का तुम्हाला? नाशिकच्या एका रिटायर्ड डॉक्टरांनी तर सरळच विचारलं, बोलताना जीभ जड होते का, हाताला मुंग्या येतात का, येत असल्या तर अंगावर काढू नका. कोल्हापूरच्या एका बाईंनी गवती चहाचा काढा कळवला.

“अगं, मला अर्धांगवायू झालाय असं ठरवलंय लोकांनी,” राजेंद्र म्हणाला. सारिकाला हसू आलं. पण तिनं ते पदराच्या टोकात घेतलं आणि कुकर लावला.

तिचं तिलाच अवघड जात होतं. सातभाईंचा फोटो त्यानं धरला तेव्हा वाक्य अगदी ओठांवर आलं होतं : कंदी एकटं दिसायचं न्हाई त्ये पाखरू, भांडायला बी माणूस लागतंच की. ते तिनं चहाच्या घोटाबरोबर गिळलं. असं रोज एकेक गिळायचं. संध्याकाळी घरात कुकरच्या शिट्ट्या, टीव्हीवरच्या बातम्या, “मीठ आहे का बरोबर,” “आहे,” इतकंच ऐकू यायचं. रागाच्या भरात तिनं आपल्याच बोलीची शेवटची खोली बंद केली होती, आणि आता त्या बंद दारासमोर ती रोज भाजी निवडत बसत होती.

एका रविवारी राजेंद्र बाहेर गेल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. चोरी करत असल्यासारखं वाटत होतं. तिनं लोकांचं लिहिलेलं सगळं वाचलं. कुणी बीडचं, कुणी बडोद्याचं. एकानं दटावलं होतं, भाषा शुद्ध ठेवावी. त्याखाली चंद्रपूरच्या त्याच जंगलवाल्यांनी लिहिलं होतं, ‘काका, ह्यांचं ऐकू नका.’ बाकी काही नाही, एवढंच. सारिका त्या ओळीकडं बराच वेळ पाहत राहिली. आपल्या बाजूनं असं कुणी बोललं, तेही आपल्याला न ओळखता, आणि तेही ‘काका’ म्हणून! तिला बरं वाटलं आणि त्या बरं वाटण्याचा रागही आला.

भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या, शिवारात इंद्रायणी तांदळाचा वास सुटला, त्या सुमाराला अनघा नावाच्या बाईचं पत्र आलं. राजेंद्रनं ते जेवताना वाचून दाखवलं.

“‘माझे वडील कोंडाजी. पवनेच्या काठचं आमचं गाव धरणात गेलं, तेव्हा ते पिंपरीला कारखान्यात आले. आता त्यांना दिसत नाही. तुमच्या फोटोंचा त्यांना काही उपयोग नाही, राग मानू नका. मी खालचं वाचते आणि ते ऐकतात. आई गेल्यापासून घरात त्यांच्यासारखं बोलणारं कुणी नाही. आम्ही मुलं शहरातलीच. अलीकडं तुमचं नवीन काही येत नाही, म्हणून ते मला रोज जुनंच वाचायला लावतात. तुम्हाला एकदा भेटायचं म्हणतात. फक्त तुमचं बोलणं ऐकायचंय त्यांना.’”

राजेंद्रनं पत्रावरून नजर उचलली नाही. “काय कळवू?”

सारिका आमटी वाढत होती. “तुमचे पाहुणे. बोलवा.”

हे तिनं शाळेत बोलायला नको होतं. पण रविवारी पाहुणे आहेत, शनिवारी शाळा सुटल्यावर थांबणार नाही, एवढं तिच्या तोंडून गेलं आणि राजेश्वरीनं ते उचललं. “म्हणजे फॅन येणार मिस्टरांचे! मीही येते. मला ऐकायचंच आहे त्यांना.” नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

रविवारी सकाळी सारिकानं पडदे बदलले, बुद्धाच्या तसबिरीला मोगऱ्याचा हार घातला, पोहे भिजवले. राजेंद्र दोनदा शर्ट बदलून आला. “मी काय बोलू गं त्यांच्याशी?” त्यानं दारातून विचारलं. तिनं पोह्यांवर झाकण ठेवलं. तिलाही माहीत नव्हतं.

राजेश्वरी आधी आली. मग रिक्षा थांबली. अनघा चाळिशीची, गळ्यात ओळखपत्राची दोरी विसरून राहिलेली. तिच्या खांद्यावर हात ठेवून कोंडाजीआबा आले. पांढरी टोपी, इस्त्रीचं धोतर, हातात काठी. उंबऱ्यापाशी त्यांनी चप्पल काढून पायानंच बाजूला सारली.

“या ना, आबा. इथे सोफा आहे, सावकाश बसा,” सारिका म्हणाली, शाळेच्या आवाजात.

“बसतो, मॅडम,” आबा म्हणाले.

ते ‘मॅडम’ तिला लागलं. ती पाणी आणायला आत गेली.

“नमस्कार आबा. मी राजेंद्र. प्रवासात त्रास नाही ना झाला?”

आबांनी मान कलती केली. दारावर थाप पडली की घरातलं माणूस करतं तशी. “तरास कसला. तुमी हितलंच का, भाऊ?”

“हो, जन्म इथलाच. वडील रेल्वेत होते.”

“आन आई?”

“इथल्याच इंदुरी गावची. पण ती मी लहान असतानाच...”

“व्हय व्हय,” आबा म्हणाले. पोह्यांची बशी अनघानं त्यांच्या हातात दिली, ती त्यांनी तशीच मांडीवर धरली. “भाऊ, एक इच्छा हाय. त्ये बगळ्याचं सांगा की. आवणीचं, भात लावत्यात तवाचं. ही पोरगी वाचती, पर तिच्या तोंडी त्ये हापिसातल्यावानी वाटतं.”

“आबा!” अनघा हसली. “रोज वाचून घेतात आणि वर नावं ठेवतात.”

राजेश्वरी सरसावून बसली. “हो, सांगा ना सर. मी तर त्यासाठीच आलेय.”

राजेंद्रनं खाकरून घसा मोकळा केला. त्याला ते पाठ होतं, एकेक अक्षर त्यानंच तर टाइप केलं होतं. “‘आवणीच्या बायांच्या मागं मागं बगळा. चिखल आमी तुडवायचा आन जेवायचं त्यानं. पर पाठ ताठ कराय उभं ऱ्हायलं, आन त्यो बी मान वर करून उभा ऱ्हायला, का वाटायचं, एवढ्या रानात आपल्याला थकल्यालं बघणारं कुणीतरी हाय.’”

शब्द तेच होते. पण प्लॅटफॉर्मवरची सूचना वाचावी तसे ते एकापाठोपाठ निघून गेले. राजेश्वरी टाळी वाजवणार होती, तिचे हात अर्ध्यावरच थांबले.

आबा हसले, पाहुण्यानं हसावं तसं. “बरं सांगितलंत. पर भाऊ, रागावू नका. ह्ये तुमचं न्हाई.”

“आबा, काय बोलता!” अनघाचा चेहरा उतरला.

“वंगाळ न्हाई बोलत गं. पाखरं, फुलं असतील ह्यांची. मला काय दिसतंय? पर ह्ये बोलणं बाईचं हाय. कंबरेत वाकल्याली बाई हाय ह्यात, पाठ दुखत्याली. आमच्या हिच्यावानी.” त्यांनी राजेंद्रच्या दिशेनं चेहरा केला. “कुणी सांगितलं तुमाला ह्ये?”

स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन सारिका उभी होती. राजेंद्रनं तिच्याकडं पाहिलं नाही. पाहायचं टाळताना त्याची मान अवघडली, तेवढं तिला दिसलं. खिडकीकडं बघत तो म्हणाला,

“आहे... होतं एक माणूस, आबा. तिच्याकडूनच ऐकलेलं सगळं. मी नुसतं लिहून घेतलं. आता ती काही बोलत नाही.”

“गेली व्हय?”

राजेंद्रनं पडद्याची कड ओढून सारखी केली.

“जायाचीच,” आबा हलकेच म्हणाले. “आमची बी गेली. घरात समदी हायती, लय जीव लावत्यात. पर मी बोललो का पोरं म्हणत्यात, आबा, काय म्हणालात? आन परत सांगाय गेलं का सांगायचंच निघून जातं.” त्यांनी पोह्यांची बशी न खाता अनघाकडं दिली आणि काठी चाचपडली. “बरं झालं, आलो. आता नवीन काय यायचं न्हाई, त्ये तरी कळलं. चल पोरी.”

“आबा, चहा तरी...” राजेंद्र उठला.  शपथ पाळणाऱ्या माणसाचे हात नुसते लोंबकळत होते.

आबा उभे राहिले. काठीचं टोक फरशीवर दार शोधायला लागलं. सारिका ते टोक बघत होती. समोर राजेश्वरी बसली होती, उद्या अख्ख्या शाळेत ही गोष्ट होणार होती, नळापासून आजपर्यंत घासून पुसून केलेलं सगळं एका वाक्यात जाणार होतं. जिवंतपणी तिला कुणीतरी ‘गेली’ म्हणालं होतं, आणि तिचा नवरा तिच्याच शब्दासाठी ते ऐकून घेत उभा होता. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. कपबश्या खणखणल्या.

“आबा, बसा. असं उपाशी कुटं निघालात?”

काठी थांबली. राजेश्वरीनं चमकून वर पाहिलं. आबांचा चेहरा हळूहळू दाराकडून स्वयंपाकघराकडं वळला आणि तिथंच राहिला.

 सारिकानं पदर खोचला.

“ती बाई कुटं बी गेल्याली न्हाई,” ती म्हणाली. “त्ये समदं म्या सांगितलंय.”